मॉस्कोचा लाल चौक : पाच शतकांचा इतिहास आणि प्रमुख वास्तू

रशियाची राजधानी मॉस्को येथील लाल चौक हा जगातील सर्वाधिक परिचित सार्वजनिक चौकांपैकी एक आहे. इंग्रजीत ‘रेड स्क्वेअर’ आणि रशियन भाषेत ‘क्रास्नाया प्लोश्चद’ या नावाने ओळखला जाणारा हा चौक शहराच्या मध्यभागी, क्रेमलिन किल्ल्याच्या पूर्वेकडील तटबंदीला लागून आहे. त्याची लांबी सुमारे ३३० मीटर असून रुंदी सुमारे ७० मीटर आहे. एका बाजूस राज्यकर्त्यांचा किल्ला आणि दुसऱ्या बाजूस ‘किताय-गोरोद’ ही जुनी व्यापारी वस्ती, अशा दोन जगांच्या सीमारेषेवर तो वसला आहे. १९९० साली युनेस्कोने क्रेमलिन आणि लाल चौक यांचा एकत्रितपणे जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

उत्तरेकडील पुनरुत्थान दरवाजातून चौकात प्रवेश केला असता उजव्या हातास क्रेमलिनची तांबूस विटांची तटबंदी व तिच्या पायथ्याशी लेनिन यांची समाधी दिसते. डाव्या हातास प्रथम कझान कॅथेड्रल आणि पुढे ‘गुम’ या विक्री भांडाराची लांबलचक इमारत आहे. समोर, चौकाच्या दक्षिण टोकाला, सेंट बॅसिल कॅथेड्रलचे रंगीबेरंगी घुमट उठून दिसतात. तर प्रवेशद्वाराला लागूनच राज्य ऐतिहासिक संग्रहालयाची लाल इमारत उभी आहे.

हे दृश्य पाहताना शतकानुशतके येथे काहीच बदलले नसावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. ज्या दरवाजातून पर्यटक आत येतात तो १९९० च्या दशकात नव्याने बांधलेला आहे. कझान कॅथेड्रलचीही तीच कथा आहे. चौकातील सर्वात जुने स्मारकशिल्प आपल्या मूळ जागी नाही. प्रत्येक राजवटीने या चौकात काय दिसावे आणि काय दिसू नये, याचा निर्णय आपल्या परीने घेतला. त्या निर्णयांचा क्रम म्हणजेच लाल चौकाचा इतिहास होय.

नावाची व्युत्पत्ती

‘लाल चौक’ या नावाचा संबंध सामान्यतः साम्यवादी क्रांतीच्या लाल ध्वजाशी किंवा क्रेमलिनच्या विटांच्या रंगाशी जोडला जातो. हे दोन्ही तर्क चुकीचे आहेत. ‘क्रास्नाया’ या शब्दाचा आजच्या रशियन भाषेतील अर्थ ‘लाल’ असा असला, तरी जुन्या रशियन भाषेत तो ‘सुंदर’ या अर्थानेही वापरला जात असे. सतराव्या शतकात हे नाव रूढ झाले, त्या वेळी ‘सुंदर चौक’ असाच त्याचा आशय होता. कालांतराने शब्दाचा जुना अर्थ मागे पडला आणि रंगवाचक अर्थ तेवढा उरला.

त्यापूर्वी या जागेची नावे वेगळी होती. येथे भरणाऱ्या बाजारावरून तिला ‘तोर्ग’, जवळच्या चर्चवरून ‘त्रोइत्स्काया’ आणि आगीत भस्मसात झालेली जागा म्हणून ‘पोझार’ असे म्हटले जाई. बाजार, धर्म आणि आग या तिन्ही गोष्टी चौकाच्या इतिहासात पुन:पुन्हा डोकावतात.

भारतातही एक लाल चौक आहे. श्रीनगरमधील प्रसिद्ध लाल चौकाला हे नाव काश्मीरमधील राजेशाहीविरोधी चळवळीत सहभागी असलेल्या डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांनी मॉस्कोच्या चौकावरून दिले. नाव श्रीनगरला पोहोचले तेव्हा त्याचा ‘सुंदर’ हा जुना अर्थ केव्हाच लोप पावला होता आणि क्रांतीचा लाल रंग हीच त्याची ओळख बनली होती.

आगीनंतर मोकळी झालेली जागा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान याने इटालियन स्थापत्यविशारदांकरवी क्रेमलिनची नवी तटबंदी बांधून घेतली. १४९३ साली लागलेल्या भीषण आगीत तटबंदीबाहेरील लाकडी घरे जळून खाक झाली. त्यानंतर किल्ल्याच्या भिंतीलगतची जागा कायम मोकळी ठेवण्याचा आदेश राजाने दिला. आग भिंतीपर्यंत पोहोचू नये आणि शत्रूला आडोसा मिळू नये, असा या आदेशामागील हेतू होता. अशा रीतीने संरक्षणाच्या गरजेतून लाल चौकाची मोकळी जागा निर्माण झाली.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तटबंदीलगत खोल खंदक खोदण्यात आला. आज जेथे लेनिन यांची समाधी आणि थडग्यांची रांग आहे, त्या बाजूने हा खंदक जात असे. सुमारे ३०० वर्षे तो अस्तित्वात होता. १८१२ साली नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी मॉस्को शहर आगीत होरपळले. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत खंदक बुजवण्यात आला आणि चौकाला आजचा सपाट, सलग आकार मिळाला.

स्पास्काया बुरूज

चौकाकडे तोंड करून असलेला स्पास्काया म्हणजेच तारणहाराचा बुरूज १४९१ साली इटालियन स्थापत्यविशारद पिएत्रो अंतोनियो सोलारी याने बांधला. क्रेमलिनच्या मुख्य प्रवेशद्वाराचा मान या बुरुजाला होता. दारावर रंगवलेल्या येशू ख्रिस्ताच्या प्रतिमेमुळे हे प्रवेशद्वार पवित्र मानले जाई आणि आत जाताना पुरुषांनी डोक्यावरील टोपी उतरवावी, असा दंडक होता. बुरुजाचा निमुळता वरचा भाग सतराव्या शतकात चढवण्यात आला, तर सध्याचे घड्याळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बसवण्यात आले. त्याच्या तबकडीचा व्यास सहा मीटरहून अधिक आहे. १९१७ च्या क्रांतीतील तोफमाऱ्यात या घड्याळाची हानी झाली. पुढील वर्षी ते दुरुस्त झाले आणि त्याच्या घंटांतून ‘इंटरनॅशनल’ या कामगार गीताचे सूर उमटू लागले.

बुरुजाच्या टोकावर झारशाहीचे चिन्ह असलेला दुतोंडी गरुड होता. १९३५ साली तो उतरवून त्या जागी तारा बसवण्यात आला. १९३७ साली माणिकरंगी काचेचा, आतून उजळणारा तारा आला आणि तो आजही तेथे आहे. दारावरील ख्रिस्ताची प्रतिमा मात्र सोव्हिएत काळात दिसेनाशी झाली होती. ती कायमची नष्ट झाली, असे अनेक दशके मानले जात होते. २०१० साली गिलाव्याच्या थराखाली ती सुरक्षित असल्याचे आढळून आले. प्रतिमा फोडण्याऐवजी कोणी तरी तिच्यावर जाळी बसवून गिलावा केला होता. आज एकाच बुरुजावर खाली ख्रिस्ताची प्रतिमा आणि वर सोव्हिएत तारा अशी दोन परस्परविरोधी चिन्हे पाहावयास मिळतात.

सेंट बॅसिल कॅथेड्रल

लाल चौक म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, ते या कॅथेड्रलचे असते. झार चौथा इव्हान, ज्याला इतिहास ‘इव्हान द टेरिबल’ या नावाने ओळखतो, त्याने १५५२ साली कझानचे तातार राज्य जिंकले. त्या विजयाच्या स्मरणार्थ १५५५ ते १५६१ या काळात हे कॅथेड्रल बांधण्यात आले. त्याचे औपचारिक नाव खंदकावरील पोक्रोव्स्की कॅथेड्रल असे आहे. मध्यवर्ती उंच शिखर आणि त्याच्या भोवती आठ लहान चर्चे अशी त्याची मूळ रचना होती. १५८८ साली त्याला लागून वासिली म्हणजे बॅसिल या संताच्या समाधीवर आणखी एक चर्च बांधले गेले. वासिली हा अवधूत वृत्तीचा, अंगावर पुरेसे वस्त्रही न बाळगणारा साधू होता. राजालाही खडे बोल सुनावणारा म्हणून लोक त्याला मानत. परिणामी, राजाच्या विजयाचे स्मारक म्हणून उभारलेली वास्तू लोकांच्या तोंडी एका निष्कांचन साधूच्या नावाने रूढ झाली.

इतके सुंदर मंदिर पुन्हा कोठेही उभे राहू नये म्हणून झारने ते बांधणाऱ्या शिल्पकाराचे डोळे काढले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. तिला ऐतिहासिक आधार नाही. या बांधकामाशी ज्याचे नाव जोडले जाते तो पोस्त्निक याकोव्हलेव्ह नंतर कझान येथील बांधकामांवर काम करीत असल्याचे उल्लेख आढळतात. कांद्याच्या आकाराच्या घुमटांवरील आजचे भडक रंगही मूळचे नाहीत. ते पुढील काळात टप्प्याटप्प्याने चढत गेले.

क्रांतीनंतर १९२३ साली या वास्तूचे संग्रहालयात रूपांतर झाले. सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास येथे पुन्हा प्रार्थना होऊ लागल्या. तथापि, वास्तू आजही राज्य ऐतिहासिक संग्रहालयाची शाखा आहे.

लोब्नोये मेस्तो

कॅथेड्रलच्या समोर सुमारे १३ मीटर व्यासाचा गोलाकार दगडी चौथरा आहे. ‘लोब्नोये मेस्तो’ या नावाच्या या चौथऱ्याचा पहिला उल्लेख १५४९ सालचा आहे. येथून झारचे फर्मान वाचून दाखवले जाई आणि धर्मगुरू लोकांना आशीर्वाद देत. सतराव्या शतकापर्यंत ईस्टरपूर्वीच्या रविवारी क्रेमलिनमधून कॅथेड्रलपर्यंत मिरवणूक निघे. ख्रिस्ताच्या जेरुसलेम प्रवेशाचे स्मरण म्हणून गाढवासारख्या सजवलेल्या घोड्यावर प्रमुख धर्मगुरू बसत आणि खुद्द झार त्या घोड्याचा लगाम धरून पायी चालत असे.

या चौथऱ्यावर शिरच्छेद होत, असा लोकप्रिय समज आहे. प्रत्यक्षात देहान्त शासनासाठी चौकात अन्यत्र तात्पुरते मंच उभारले जात. १६९८ साली बंड करणाऱ्या ‘स्त्रेल्त्सी’ या सैनिकांना पीटर द ग्रेटने सामूहिक देहदंड दिला. त्यांतील अनेकांना लाल चौकात ठार करण्यात आले. या प्रसंगावरील वासिली सुरिकोव्ह यांचे १८८१ सालचे चित्र रशियन कलेतील महत्त्वाच्या कृतींमध्ये गणले जाते.

हाच चौथरा २५ ऑगस्ट १९६८ रोजी वेगळ्या कारणाने इतिहासात नोंदला गेला. सोव्हिएत नेतृत्वाखालील फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्यानंतर चारच दिवसांनी आठ नागरिक दुपारी बारा वाजता येथे येऊन बसले आणि त्यांनी निषेधाचे फलक उघडले. त्यांत लारिसा बोगोराझ, पावेल लित्विनोव्ह आणि तान्ह्या बाळाला बाबागाडीतून घेऊन आलेल्या कवयित्री नताल्या गोर्बानेव्हस्काया यांचा समावेश होता. हे आंदोलन अवघी काही मिनिटे टिकले. साध्या वेषातील सुरक्षारक्षकांनी फलक हिसकावून घेतले आणि आंदोलकांना ताब्यात घेतले. त्यांतील काहींना हद्दपारी, काहींना श्रमछावण्या, तर काहींना मनोरुग्णालयातील सक्तीचे उपचार भोगावे लागले. ज्या जागेवरून शतकानुशतके राज्यकर्त्यांचे आदेश प्रजेला ऐकवले गेले, तेथून प्रजेने राज्यकर्त्यांना दिलेले हे उत्तर होते.

बाजारपेठ ते ‘गुम’

क्रेमलिनच्या समोरील बाजू पहिल्यापासून व्यापाऱ्यांची होती. १८१२ च्या आगीनंतर वास्तुविशारद ओसिप बोव्हे यांच्या आराखड्यानुसार येथे नवी दुकाने बांधली गेली. ती जीर्ण झाल्यावर १८९० ते १८९३ या काळात आजची ‘वरची व्यापारी रांग’ उभी राहिली. अलेक्झांडर पोमेरान्त्सेव्ह हे तिचे वास्तुविशारद होते, तर लोखंड आणि काचेच्या कमानदार छताची रचना अभियंते व्लादिमीर शुखोव्ह यांनी केली. नैसर्गिक प्रकाशाने उजळणारी तीन समांतर दालने हे या इमारतीचे वैशिष्ट्य आहे.

क्रांतीनंतर इमारतीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तिला ‘शासकीय सर्ववस्तू भांडार’ या अर्थाचे ‘गुम’ हे संक्षिप्त नाव मिळाले. स्टालिन यांच्या काळात दुकाने बंद करून तेथे सरकारी कचेऱ्या थाटण्यात आल्या. १९३२ साली स्टालिन यांच्या पत्नी नादेझ्दा अलिलुयेवा यांचे पार्थिव याच इमारतीत अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले होते. स्टालिन यांच्या निधनानंतर १९५३ सालच्या अखेरीस भांडार पुन्हा ग्राहकांसाठी खुले झाले. टंचाईच्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले लोक येथे रांगा लावत असत. खासगीकरणानंतर येथे महागड्या विदेशी वस्तूंची दालने आली. संक्षिप्त नाव मात्र तेच राहिले.

बाजार आणि चौक यांच्या सीमेचा वाद अलीकडेही उद्भवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये लुई व्हितॉं या फ्रेंच कंपनीच्या पेटीची इमारतीएवढी प्रतिकृती चौकात उभारण्यात आली. क्रेमलिन आणि थडग्यांच्या सान्निध्यात अशी जाहिरात शोभत नाही, अशी टीका झाल्यानंतर ती थोड्याच दिवसांत हटवावी लागली.

मिनिन आणि पोझार्स्की यांचे स्मारक

सतराव्या शतकाच्या प्रारंभी रशियात राजगादीचा वारस नव्हता आणि मॉस्को पोलिश फौजांच्या ताब्यात गेले होते. १६१२ साली निझ्नी नोव्हगोरोद येथील व्यापारी कुझ्मा मिनिन आणि सरदार दिमित्री पोझार्स्की यांनी लोकसेना उभारून शहर मुक्त केले. या दोघांचे इव्हान मार्तोस यांनी घडवलेले कांस्यशिल्प १८१८ साली चौकाच्या मध्यभागी, व्यापारी रांगेसमोर बसवण्यात आले. हात उंचावलेला मिनिन क्रेमलिनकडे निर्देश करून पोझार्स्कीला लढण्याचे आवाहन करीत आहे, अशी त्याची रचना होती.

सोव्हिएत काळात चौकाच्या मध्यभागी असलेले हे शिल्प लष्करी संचलनाला अडथळा ठरू लागले. १९३० च्या दशकात ते सेंट बॅसिल कॅथेड्रलसमोर हलवण्यात आले. १९१७ च्या क्रांतीचा ७ नोव्हेंबर हा वर्धापनदिन सोव्हिएत काळातील प्रमुख सण होता. २००५ पासून त्याऐवजी ४ नोव्हेंबर हा राष्ट्रीय एकता दिन म्हणून साजरा होतो. तो १६१२ च्या मुक्तीशी निगडित असल्याने या स्मारकाला पुन्हा शासकीय महत्त्व प्राप्त झाले आहे.

लेनिन यांची समाधी आणि क्रेमलिनच्या भिंतीतील स्मशान

१७१२ च्या सुमारास पीटर द ग्रेटने राजधानी सेंट पीटर्सबर्गला हलवली, तेव्हापासून लाल चौकाचे राजकीय महत्त्व कमी झाले होते. मार्च १९१८ मध्ये बोल्शेविक सरकारने राजधानी मॉस्कोला परत आणली आणि चौक पुन्हा सत्तेच्या केंद्रस्थानी आला. त्याआधीच, नोव्हेंबर १९१७ मध्ये, मॉस्कोतील लढाईत मरण पावलेल्या क्रांतिकारकांचे क्रेमलिनच्या भिंतीलगत सामूहिक दफन झाले होते. तेव्हापासून बाजाराचा आणि मिरवणुकांचा हा चौक स्मशानभूमीही बनला.

२१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन यांचे निधन झाले. त्यांच्या पार्थिवासाठी वास्तुविशारद अलेक्सी श्चुसेव्ह यांनी काही दिवसांत एक तात्पुरती लाकडी वास्तू उभारली. अंत्यदर्शनासाठी लोकांचा ओघ थांबेना, तेव्हा पार्थिव रासायनिक प्रक्रियेने दीर्घकाळ जतन करण्याचा निर्णय झाला. व्लादिमीर व्होरोब्योव्ह आणि बोरिस झ्बार्स्की या शास्त्रज्ञांनी ते काम केले. त्याच वर्षी दुसरी लाकडी आणि १९३० साली श्चुसेव्ह यांच्याच आराखड्यानुसार सध्याची ग्रॅनाइटची पायऱ्यापायऱ्यांची समाधी पूर्ण झाली. तिच्या माथ्यावरील सज्जात उभे राहून सोव्हिएत नेते संचलनाची मानवंदना स्वीकारत. दुसऱ्या महायुद्धात पार्थिव सायबेरियातील त्युमेन येथे हलवण्यात आले होते. १९४५ साली ते परत आणले गेले.

१९५३ साली स्टालिन यांचे पार्थिवही लेनिन यांच्या शेजारी ठेवण्यात आले. पक्षाच्या २२ व्या अधिवेशनात स्टालिन यांच्या राजवटीतील अत्याचारांवर टीका झाल्यानंतर ३१ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री ते बाहेर काढून समाधीच्या मागे पुरण्यात आले. लाखो लोकांनी ज्यांच्यापुढे मान झुकवली, त्यांचे हे दुसरे दफन मात्र जनतेच्या अनुपस्थितीत उरकण्यात आले.

समाधीच्या मागे ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को यांची थडगी आहेत. भिंतीतील कोनाड्यांत लेखक मॅक्झिम गॉर्की, लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया, अवकाशयानांचे रचनाकार सेर्गेई कोरोलेव्ह आणि पहिला अंतराळवीर युरी गागारिन यांचे रक्षाकलश आहेत. रशियन क्रांतीचे वृत्तांकन करणारे अमेरिकन पत्रकार जॉन रीड हेही येथेच चिरनिद्रा घेत आहेत. पदच्युत झालेले निकिता ख्रुश्चेव्ह यांना मात्र येथे जागा मिळाली नाही; त्यांचे दफन नोव्होदेविची स्मशानभूमीत झाले. १९८५ सालचा चेर्नेन्को यांचा दफनविधी हा येथील अखेरचा ठरला.

संचलने आणि सोहळे

लाल चौकातील दोन संचलने जगाच्या स्मरणात राहिली. पहिले ७ नोव्हेंबर १९४१ रोजी झाले. जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने सरकत असताना, बर्फवृष्टीत, सोव्हिएत सैनिकांनी चौकात संचलन केले आणि त्यांतील अनेक तुकड्या तेथून आघाडीकडे रवाना झाल्या. स्टालिन यांच्या त्या दिवशीच्या भाषणाचे ध्वनिचित्रण वेळेवर होऊ शकले नाही. त्यामुळे क्रेमलिनमधील सभागृहात समाधीच्या सज्जाचा देखावा उभारून ते भाषण पुन्हा चित्रित करण्यात आले.

दुसरे संचलन २४ जून १९४५ रोजी झाले. भर पावसात झालेल्या या विजय संचलनाची मानवंदना मार्शल झुकोव्ह यांनी पांढऱ्या घोड्यावरून स्वीकारली, तर संचलनाचे नेतृत्व मार्शल रोकोसोव्हस्की यांनी केले. पराभूत जर्मन सैन्याचे २०० ध्वज सोव्हिएत सैनिकांनी लेनिन समाधीच्या पायथ्याशी फेकले. १४ एप्रिल १९६१ रोजी याच चौकात गागारिन यांचे अभूतपूर्व स्वागत झाले.

चौकाच्या या अभेद्यतेला २८ मे १९८७ रोजी एका १८ वर्षांच्या तरुणाने तडा दिला. मथियास रुस्ट या पश्चिम जर्मन वैमानिकाने सोव्हिएत हवाई संरक्षणाला चकवून आपले छोटे सेसना विमान सेंट बॅसिल कॅथेड्रलजवळ उतरवले. या घटनेनंतर सोव्हिएत संरक्षणमंत्र्यांना पद गमवावे लागले.

पाडलेल्या आणि पुन्हा उभारलेल्या वास्तू

रणगाड्यांच्या संचलनाला वाट मोकळी करण्यासाठी १९३१ साली चौकाच्या उत्तरेकडील पुनरुत्थान दरवाजा पाडण्यात आला. १९३६ साली कझान कॅथेड्रलही जमीनदोस्त झाले. १६१२ च्या मुक्तिलढ्याशी आणि पोझार्स्की यांच्याशी संबंधित असलेले हे चर्च १६३६ साली पवित्र करण्यात आले होते. ज्या राज्याच्या स्थैर्याचे ते प्रतीक होते, त्या राज्याचा वारसा नाकारणाऱ्यांनी ते बरोबर ३०० वर्षांनी नष्ट केले.

या चर्चचा पुनर्जन्म होऊ शकला, त्याचे श्रेय प्रामुख्याने प्योत्र बारानोव्हस्की या पुनर्जतन तज्ज्ञाला जाते. त्यांनी आधीच या वास्तूच्या जुन्या स्वरूपाचा अभ्यास करून मोजमापे आणि रेखाटने तयार केली होती. प्राचीन वास्तूंच्या विध्वंसाला विरोध करणाऱ्या बारानोव्हस्की यांना १९३३ साली अटक होऊन सायबेरियातील छावणीत शिक्षा भोगावी लागली. १९८४ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे शिष्य ओलेग झुरिन यांनी त्याच रेखाटनांच्या आधारे कझान कॅथेड्रलची पुनर्बांधणी केली. ४ नोव्हेंबर १९९३ रोजी ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. पुनरुत्थान दरवाजाही १९९० च्या दशकाच्या मध्यास जुन्या स्वरूपात बांधण्यात आला. एका व्यक्तीने जपून ठेवलेले कागद राजवटीच्या सुरुंगांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले, असे म्हणावे लागेल.

दरवाजाला लागून असलेली राज्य ऐतिहासिक संग्रहालयाची इमारत १८७५ ते १८८३ या काळात व्लादिमीर शेरवूड यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली. त्या जागी पूर्वी असलेल्या इमारतीत १७५५ साली मॉस्को विद्यापीठाचा प्रारंभ झाला होता.

भारताशी असलेले संबंध

भारतीयांच्या दृष्टीनेही लाल चौक अपरिचित नाही. १९२७ साली रशियन क्रांतीच्या दशकपूर्तीनिमित्त पंडित जवाहरलाल नेहरू यांनी वडील मोतीलाल नेहरू यांच्यासमवेत मॉस्कोला भेट दिली. त्या प्रवासातील अनुभवांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. मराठी साहित्यिक लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांनी १९६१ साली सोव्हिएत संघाचा दौरा केला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन लिहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या राज्य ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

भारतीय लष्कराची तुकडी २०१५ साली विजय दिनाच्या ७० व्या वर्धापनदिनी लाल चौकातील संचलनात सहभागी झाली. २४ जून २०२० रोजी झालेल्या ७५ व्या वर्धापनदिनाच्या संचलनातही भारताच्या तिन्ही सेनादलांच्या ७५ जणांच्या तुकडीने भाग घेतला.

१९९१ नंतरचा चौक

२५ डिसेंबर १९९१ च्या संध्याकाळी क्रेमलिनवरील सोव्हिएत ध्वज उतरवण्यात आला आणि रशियाचा तिरंगी ध्वज फडकला. ऑक्टोबर १९९३ मध्ये लेनिन समाधीसमोरील मानाचा पहारा काढून घेण्यात आला. १९९७ पासून तसा पहारा क्रेमलिनच्या दुसऱ्या बाजूस, अज्ञात सैनिकाच्या स्मारकापाशी दिला जातो. चौकात संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. मे २००३ मध्ये बीटल्सचे माजी सदस्य पॉल मॅकार्टनी येथे गायले. हिवाळ्यात बर्फावरील घसरपट्टी आणि उन्हाळ्यात पुस्तक महोत्सव यांमुळे चौकाला पुन्हा जत्रेचे स्वरूप येते.

तथापि, राजकीय मतप्रदर्शनासाठी ही जागा आजही मोकळी नाही. २७ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री विरोधी पक्षनेते बोरिस नेम्त्सोव्ह यांची चौकापासून काही पावलांवर असलेल्या पुलावर गोळ्या झाडून हत्या झाली. त्यांचे समर्थक तेथे वाहत असलेली फुले वारंवार हटवली जातात आणि ते पुन:पुन्हा नवी फुले आणून ठेवतात.

लेनिन यांच्या पार्थिवाचा प्रश्नही अनिर्णित आहे. त्यांचे रीतसर दफन करावे, अशी मागणी १९९० च्या दशकापासून होत आली आहे. तिला विरोध करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. कोणत्याही सरकारने याबाबत अंतिम निर्णय घेतलेला नाही. मात्र, विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने सुरू झालेल्या वार्षिक विजय संचलनात एक प्रथा पडली आहे. दरवर्षी ९ मे रोजी समाधीच्या दर्शनी भागापुढे सजावटीचे फलक उभारून ती पूर्णपणे झाकण्यात येते. ज्या विजयाच्या दिवशी शत्रूचे ध्वज या समाधीच्या पायथ्याशी फेकले गेले, त्याच विजयाचा उत्सव आता तिला पडद्याआड ठेवून साजरा होतो. संचलन संपल्यावर फलक उतरवले जातात आणि समाधी पुन्हा दिसू लागते.